दहावे वचनही वाचा: उपदेश करणाऱ्यांना खुले पत्र

प्रिय पाळकहो, सुवार्तिकहो, बायबल अभ्यास घेणाऱ्या आणि संडे स्कूलमध्ये शिकवणाऱ्या बंधुभगिनींनो,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

माझी आई अकरा महिने अंथरुणावर होती. उशाशी तिचे बायबल असे. पुठ्ठा दोऱ्याने शिवलेला, पानांचे कोपरे हाताळून मऊ झालेले. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 29व्या अध्यायाचे अकरावे वचन सांगते की आपल्या लोकांविषयी देवाचे संकल्प हिताचे आहेत. त्या वचनाखाली तिने लाल पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि ती इतक्यांदा गिरवली होती की पान उलटले तरी मागे तिचा वळ बोटाला लागायचा. एके दिवशी एक उपदेशक प्रार्थनेला आले. त्यांनी डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली आणि निघताना दारात उभे राहून म्हणाले, "देवाने त्याच्या बाजूने सगळं केलंय. आता प्रश्न तुमच्या विश्वासाचा आहे."

त्या रात्रीपासून आईने दुखण्यावरची गोळी मागणे बंद केले. कळ आली की ती चादरीची कड दातांत धरायची. गोळी मागितली तर तो अविश्वास ठरेल, असे तिने मनाशी घेतले होते. मी बळेच गोळी पुढे केली तेव्हा ती हळूच म्हणाली, "माझ्या विश्वासात नेमकं काय कमी पडलं गं?"

तिचा हा प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवते आहे. त्या उपदेशकांना दोष द्यावा म्हणून नव्हे. ते कठोर मनाचे नव्हते, त्यांना जे शिकवले गेले तेच ते बोलून गेले. मी तरी कुठे वेगळी होते? चौदा वर्षे मी संडे स्कूलमध्ये मुलांना तेच अकरावे वचन रंगीत कार्डावर लिहून पाठ करायला दिले. त्यातल्या एकाही कार्डावर मी दहावे वचन लिहिले नाही.

दहाव्या वचनात सत्तर वर्षे आहेत.

हा सगळा प्रसंग पुन्हा एकदा सावकाश बघू या. ख्रि. पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून राजाला, कारागिरांना, वडीलधाऱ्यांना धरून बाबेलला नेले. त्या बंदिवानांना एकच ऐकायचे होते, की आपण घरी कधी जाणार. आणि ते सांगायला संदेष्ट्यांची वाण नव्हती. यरुशलेमेत हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात, याजकांच्या आणि सर्व लोकांच्या समोर घोषणा केली की दोन वर्षांत सगळे परत येतील, मंदिराची पात्रेसुद्धा परत येतील. यावर यिर्मया काय म्हणाला? तो म्हणाला, आमेन, परमेश्वर असेच करो! मला ही जागा फार जवळची वाटते. खरे सांगणाऱ्यालाही गोड बातमी हवीच होती. पण देवाने तसे सांगितलेले नव्हते. यिर्मयाच्या मानेवर बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून लाकडी जू होते, ते हनन्याने काढून मोडून टाकले. तेव्हा लाकडी जुवाच्या जागी लोखंडी जू येईल असे वचन आले, आणि त्याच वर्षी सातव्या महिन्यात हनन्या मरण पावला.

पुढच्याच, म्हणजे 29व्या, अध्यायात यिर्मयाचे बाबेलच्या बंदिवानांना पत्र आहे. घरे बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळे खा. मुलामुलींची लग्ने करा. ज्या नगरात तुम्हाला नेले त्याच्या हिताची प्रार्थना करा. तुमच्यात असलेले संदेष्टे तुम्हाला फसवत आहेत, त्यांचे ऐकू नका. बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर मी तुमची विचारपूस करीन आणि तुम्हाला परत आणीन. आणि मग ते वचन येते: "ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत."

ज्याचे केस तेव्हाच पिकले होते त्याला हे पत्र ऐकताना कळले असेल की आपण इथेच मरणार, घरी जातील ती नातवंडे. तरीही संकल्प हिताचेच आहेत, असे त्याला सांगितले गेले. लवकर सुटका होईल असे सांगणाऱ्यांच्या विरोधात दिलेले हे वचन आहे. ते आपण लवकर सुटकेची हमी म्हणून भिंतीवर लावतो. शब्द यिर्मयाचे घेतो आणि उपदेश हनन्याचा करतो.

आपल्या मराठी बायबलमध्ये तर ही चूक व्हायलाच नको होती. देव एकट्या माणसाशी बोलतो तेव्हा मराठीत तो त्याला "तू" म्हणतो. यिर्मयाच्या पहिल्याच अध्यायात "मी तुला ओळखत होतो" असे आहे. 29:11 मध्ये मात्र "तुमच्याविषयी" आहे, कारण मूळ इब्रीतही तिथे अनेकवचन आहे. कितीतरी भाषांत एक आणि अनेक यांना एकच शब्द असतो, तिथे वाचक गोंधळला तर समजू शकते. आपल्याला भाषेनेच खूण करून ठेवली होती, की हे अभिवचन सबंध लोकसमूहाला दिले आहे आणि त्याची मुदत एका माणसाच्या आयुष्याहून मोठी आहे.

कोणी म्हणेल, इतके उलगडून सांगितले तर आजारी माणसाचा धीर जाईल. माझा अनुभव उलटा आहे. अर्ध्या वचनाने माझ्या आईचा धीर गेला. अभिवचन पदरात पडण्याआधी मेलेली विश्वासू माणसे शास्त्रात आहेत आणि इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात त्यांची नावे मानाने घेतली आहेत, हे तिला कोणी सांगितले असते, तर तिने स्वतःला त्यांच्या रांगेत पाहिले असते. सांगितले नाही म्हणून तिने स्वतःला नापास झालेल्यांत पाहिले.

आजारपणाबद्दलच थोडे अधिक लिहिते, कारण सर्वांत जास्त माणसे इथेच दुखावली जातात. बरे करणाऱ्या देवावर माझा विश्वास आहे. यशयाच्या 53व्या अध्यायातले शब्द मत्तयाने येशूने रोग्यांना बरे केल्याच्या प्रसंगाला लावले आहेत (मत्तय 8:17). त्याच अध्यायातले "फटक्यांनी आरोग्य" हे शब्द पेत्राने पापाला मरून नीतिमत्त्वासाठी जगण्याला लावले आहेत, आणि तेही कठोर धन्यांचा मार खाणाऱ्या दासांना धीर देताना (1 पेत्र 2:18-24). प्रामाणिक शिक्षक दोन्ही जागा उघडून दाखवील. एकच दाखवली तर ऐकणाऱ्याला वाटेल की प्रत्येक दुखणे आजच्या आज गेलेच पाहिजे, आणि गेले नाही तर खोट आपल्यात आहे.

त्रफिमाची गोष्ट तुम्ही कधी व्यासपीठावरून सांगितली आहे का? मी तरी एकदाही ऐकलेली नाही. तो पौलाचा सोबती, इफिसचा. त्याच इफिसात पौलाच्या अंगावरचे रुमाल आणि फडकी रोग्यांवर घातली की रोग जात, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या 19व्या अध्यायात लिहिले आहे. आणि आपल्या शेवटच्या पत्राच्या शेवटी पौल लिहितो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मी मिलेतात ठेवून आलो. बस्, एवढेच. त्याच्या विश्वासाविषयी एक शब्द नाही. तीमथ्याला पोटाचा त्रास होता, वरचेवर आजार येत. पौल त्याला विश्वास वाढवायला सांगत नाही, थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. एपफ्रदीत मरता मरता वाचला, तर पौल मंडळीला लिहितो की अशा माणसांचा मान राखा. हिज्कीया राजाची प्रार्थना देवाने ऐकली, आयुष्याची पंधरा वर्षे वाढवून दिली, तरीही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच. आणि स्वतः पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, उत्तर मिळाले ते "माझी कृपा तुला पुरे आहे".

याकोबाचे पाचवे प्रकरणही नीट वाचा. दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना त्याला वाचवील, असे तिथे आहे. ती प्रार्थना कोण करतो? वडील. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी छप्पर उस्तरून पक्षाघाती माणसाला खाली सोडले, तेव्हा येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. थकलेल्या माणसाच्या वाट्याचा विश्वास दुसऱ्यांनी खांद्यावर घेतलेला आहे इथे. आम्ही मात्र ते ओझे खाटेवर पडलेल्या बाईच्या छातीवर ठेवून निघून आलो.

मी आईला त्रफिमाची ती ओळ वाचून दाखवली तेव्हा तिने मला ती पुन्हा वाचायला लावली. मग आणखी एकदा. नंतर विचारले, "आणि पौल त्याला रागावला नाही?" मी म्हटले, नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गोळी दे."

वचन खोटे नसते, तरीही ते चुकीच्या जागी लावले की माणसाला इजा होते. शास्त्रातच याचे मोठे उदाहरण ईयोबाच्या मित्रांचे आहे. त्यांची कितीतरी वाक्ये खरी आहेत. अलीफजाचे एक वाक्य तर पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात शास्त्रलेख म्हणून घेतले आहे. तरीही शेवटी देव त्याच अलीफजाला म्हणतो की तू आणि तुझे दोन मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. खरी वाक्ये, पण राखेत बसलेल्या ईयोबावर आरोप म्हणून वापरलेली. त्या तिघांनी केलेले सर्वांत चांगले काम म्हणजे सुरुवातीचे सात दिवस आणि सात रात्री, जेव्हा ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कोणी एक शब्द बोलले नाही. आजाऱ्याला भेटायला जाताना मला हे आठवते.

आणि अर्धे वचन वापरण्याचे सर्वांत भयंकर उदाहरण अरण्यातल्या परीक्षेत आहे. सैतानाने 91वे स्तोत्र तोंडपाठ म्हटले. पण "तुझ्या सर्व मार्गांत" हे शब्द त्याने गाळले, आणि सर्पाला पायाखाली तुडवशील या पुढच्या वचनाच्या अलीकडेच तो थांबला. येशूने त्याला उत्तर दिले ते शास्त्र बाजूला सारून नव्हे. तो म्हणाला, आणखी असाही शास्त्रलेख आहे. "आणखी असाही" या दोन शब्दांवर मी अनेक रात्री विचार केला आहे. एका वचनाचा अर्थ दुसऱ्या वचनाच्या उजेडात पाहायचा, हे आपल्याला प्रभूनेच शिकवले.

वचनांचे आकडे तरी कधी आले? अध्याय पाडले ते 13व्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन यांनी, आणि नव्या कराराला आज आपण वापरतो ते वचनांचे आकडे दिले रोबेर एतिएन या मुद्रकाने 1551 मध्ये. जागा चटकन सापडावी म्हणून केलेली ती सोय होती. पौलाची पत्रे मंडळीत सगळ्यांसमोर मोठ्याने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली जात. थेस्सलनीकाकरांना तो शपथ घालतो की हे पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवा. कलस्सैकरांना सांगतो की वाचून झाले की लावदिकीयाच्या मंडळीलाही द्या आणि त्यांचे तुम्ही वाचा. फिलिप्पैकरांचे पत्र मोठ्याने वाचायला साधारण पंधरा मिनिटे लागतात, मी घड्याळ लावून वाचले आहे. असे सलग वाचले की "मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे" हे वाक्य बंदिवासातला माणूस बोलतो आहे हे कानाला कळते. भुकेल्या पोटी राहण्याची आणि पोटभर असण्याची दोन्ही रहस्ये मला शिकवलेली आहेत, असे त्याने आधीच्याच ओळीत सांगितलेले असते.

आता घराबद्दल. आमच्यातली एक बहीण लांब बाह्यांचा पोशाख घालून उपासनेला यायची, उन्हाळ्यातही. तिच्या घरातली मारहाण कोणापासून लपलेली नव्हती. तिला "पत्नींनो, पतीच्या अधीन असा" एवढेच सांगून परत पाठवले गेले. इफिसकरांस पत्राच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत 5:22 मध्ये "अधीन असा" हे क्रियापदच नाही. ते आधीच्या वाक्यातून घ्यावे लागते, आणि ते वाक्य म्हणते, ख्रिस्ताचे भय बाळगून एकमेकांच्या अधीन असा. अनेक छापील आवृत्त्यांत या दोन वचनांच्या मध्ये मथळा घातलेला असतो आणि डोळा तिथेच थांबतो. पतीला सांगितलेला भाग तर पत्नीला सांगितलेल्या भागाहून कितीतरी लांब आहे: ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती करून तिच्यासाठी स्वतःला दिले, तशी प्रीती कर. पेत्र पतींना बजावतो की पत्नीला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. ज्या नवऱ्याने हात उगारला त्याच्यासमोर हे वचन वाचल्याचे मी ऐकलेले नाही. त्या बहिणीच्या हाती दिले तेवढे वचन खरेच होते, पण त्याच्या आजूबाजूचे सगळे कापून ते दिले गेले. शास्त्र सुरक्षित घर मागत असताना शास्त्राच्याच नावाने तिला धोक्यात पाठवले, हे पाप आपल्या सगळ्यांचे आहे. तेव्हा गप्प बसणाऱ्यांत मीही होते.

दशांशाविषयी थोडक्यात. सगळा दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा हे मलाखी 3:10 आम्हाला पाठ आहे. त्याच अध्यायात पाच वचने आधी देव म्हणतो की मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला आणि अनाथाला गांजणारे, परक्याचा न्याय बुडवणारे, यांच्याविरुद्ध मी साक्ष देईन. अनुवाद या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावे म्हणून वेशीच्या आत ठेवायला सांगितला आहे. दहावे वचन वाचणाऱ्याने पाचवेही वाचावे, एवढेच माझे म्हणणे.

तुमच्यापैकी बरेच जण पवित्र शास्त्र विश्वसनीय आहे हे फार तळमळीने सांगतात, आणि मी ते मनापासून ऐकते. 1947 मध्ये मृत समुद्राजवळच्या गुहांत गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यांत यशयाची सबंध गुंडाळी होती, सात मीटरहून लांब, ख्रिस्ताच्या आधी शतकभर तरी लिहिलेली. तोवर हाती असलेल्या संपूर्ण इब्री हस्तलिखितांहून ती जवळपास हजार वर्षांनी जुनी. दोन्ही ताडून पाहिले तर फरक होते, पण बहुतेक शब्दांच्या लेखनाचे आणि किरकोळ. इतके जपून ते कोणी उतरवले? इब्री मजकूर पिढ्यानपिढ्या जपून उतरवणाऱ्या मसोरा परंपरेतले लेखक तर पुस्तकाच्या शेवटी शब्दांची, अक्षरांची मोजणी नोंदवून ठेवत, एक अक्षर गळू नये म्हणून. ही साक्ष ऐकताना माझे मन भरून येते. पण मग प्रश्न पडतो, की ज्यांनी अक्षर गळू दिले नाही त्यांच्या हातून आलेल्या ग्रंथातले अर्धे वाक्य आपण उपदेशात सहज कसे गाळतो? मजकूर जपून आपल्यापर्यंत आला. अर्थ जपून आमच्यापर्यंत आणण्याचे काम तुमच्याकडे आहे.

हाच प्रामाणिकपणा मजकुराविषयीही ठेवा. सर्प हातांत उचलतील हे शब्द मार्क 16:9-20 मध्ये आहेत. तो भाग 4थ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन हस्तलिखितांत नाही, आणि बऱ्याच बायबलांत तो कंसात किंवा टीपेसह छापतात. आमची मुले ती टीप वाचतात आणि विचारतात. तेव्हा "असे प्रश्न विचारू नकोस" म्हटले तर त्यांना वाटते की लपवण्यासारखे काही आहे. उत्तर शांतपणे द्या. विश्वास कोसळत नाही. संडे स्कूलमधल्या माझ्या अनुभवावरून सांगते, उत्तर मिळालेले मूल टिकते.

मी शिक्षकांच्या विरोधात नाही. रथात बसून यशया वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्याला फिलिप्पाने विचारले, वाचता ते समजते काय? तो म्हणाला, कोणी मार्ग दाखवल्याशिवाय कसे समजणार? आम्ही त्या रथातली माणसे आहोत. एज्रा लाकडी चौथऱ्यावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचत होता, लेवी त्याचा अर्थ समजावून देत होते, आणि लोक ऐकून रडत होते. असे शिक्षण आम्हाला हवे आहे. आठवडाभर मंडळीतली आजारपणे, मरणे, भांडणे सांभाळून रविवारी उभे राहणे किती कठीण आहे हेही आम्ही पाहतो. पण याकोबाने पुष्कळांनी शिक्षक होऊ नये असे म्हटले ते याचसाठी, की शिक्षकाच्या शब्दावर दुसऱ्याचे आयुष्य उभे राहते.

पौल याबाबत किती जपून बोलतो पाहा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात विवाहाविषयी लिहिताना तो एका ठिकाणी म्हणतो, हे मी नव्हे तर प्रभू सांगतो. लगेच पुढे म्हणतो, हे प्रभू नव्हे तर मी सांगतो. आणि आणखी पुढे, याविषयी मला प्रभूची आज्ञा नाही, मी आपले मत देतो. तो प्रेषित होता, तरी आपले मत आणि प्रभूची आज्ञा यांच्यात त्याने रेघ ओढली. तुम्हीही ओढा. कोणते शिक्षण घ्यावे, लग्न कोणाशी करावे, नोकरी सोडावी की नाही, यांवर तुमचा अनुभव सांगा, आम्हाला तो हवा आहे. फक्त "हे माझे मत आहे" एवढे चार शब्द आधी बोला. "देवाने मला सांगितले" हे शब्द ऐकल्यावर साध्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

आणि आम्ही तपासून पाहिले तर रागावू नका. बरुयाच्या लोकांनी पौलाचे बोलणे मोठ्या उत्सुकतेने ऐकले आणि मग ते खरे आहे की काय हे रोज शास्त्रात शोधून पाहिले. त्यांना लूकाने बंडखोर म्हटले नाही, मोठ्या मनाचे म्हटले. अपुल्लो वक्तृत्वात आणि शास्त्रात पारंगत होता, तरी त्याच्या शिक्षणात उणीव होती. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला भर सभेत खाली पाहायला लावले नाही. आपल्याकडे बोलावून घेतले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. त्याने ऐकूनही घेतले, आणि नंतर तो पुष्कळांच्या उपयोगी पडला. आमच्याकडून काही विचारायचे असेल तर आम्ही असेच विचारू, हा आमचा शब्द. तंबू शिवणारे ते जोडपे आणि तो विद्वान वक्ता एका घरात बसून बोलले, तसे आपल्यालाही बसता यावे.

पौल तीमथ्याला आणि तीताला वारंवार ज्या सुशिक्षणाविषयी लिहितो, त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ निरोगी असणे असा आहे. हाच शब्द लूकाच्या शुभवर्तमानात उधळ्या मुलाच्या गोष्टीत येतो. शेतातून आलेल्या थोरल्या भावाला नोकर सांगतो की तुमचा भाऊ सुखरूप परत आला. तो "सुखरूप" म्हणजेच हा शब्द. शिकवण निरोगी आहे की नाही हे मी अलीकडे याच खुणेवरून ओळखते. ती ऐकून माणूस पित्याच्या घराकडे वळतो, की आईसारखा चादरीत तोंड लपवतो?

आई गेली त्याला आता तीन वर्षे होतील. तिचे बायबल माझ्याकडे आहे. अकराव्या वचनाची लाल रेघ तशीच आहे, पण शेवटच्या महिन्यात तिने चौथ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत समासात पेन्सिलीने एक लांब उभी रेघ ओढली. हात थरथरत होता, म्हणून ती वाकडी आहे. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात त्रफिमाच्या नावाभोवती एक छोटे वर्तुळ आहे.

माझी तुमच्याकडे एक विनंती आहे. पुढच्या रविवारी तुम्ही जो उतारा घेणार आहात तो आम्हाला आदल्या रविवारीच सांगा. कोणता अध्याय, कुठून कुठपर्यंत. आम्ही तो आठवडाभर घरी वाचून, आमचे प्रश्न लिहून येऊ. उपदेशाआधी तो पूर्ण मोठ्याने वाचला जाऊ द्या, लांब असला तरी. वाचायला कोणी हवे असेल तर मला सांगा. मी लवकर येईन.

तुमची, प्रभूमध्ये बहीण,
मंडळीतली एक संडे स्कूल शिक्षिका